इस्रायल आळीतला मे महिना

अलिबागेत इस्रायल आळी आहे, हे आता मुंबईकरांनाही ठाऊक झालंय. शनिवार-रविवारी गाड्या भरभरून येतात, ओहोटीला किल्ल्यात जाऊन येतात, मासे खातात आणि परतताना एखादा तरी विचारतोच, "इथे इस्रायल कुठून आलं हो?" आम्हांला लहानपणी हा प्रश्न कधी पडला नाही. कोळीवाडा होता, ब्राह्मण आळी होती, तशी इस्रायल आळी. आमची माळ्यांची वाडी आळीच्या तोंडाशीच. मधे निवडुंगाचं कुंपण होतं, पण त्याला ये-जा करायला चांगलं माणूसभर भगदाड होतं आणि ते बुजवायचं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

त्यांची मूळ कहाणी ते अशी सांगत. फार पूर्वी, इसवी सनाच्याही आधी, देश सोडून पळालेल्या यहुद्यांचं एक गलबत नवगावच्या किनाऱ्याशी खडकावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं त्यांनी तिथेच पुरली. ती जागा नवगावला आजही दाखवतात. पोथ्या बुडाल्या होत्या, पुढे भाषाही गेली. राहिलं काय, तर शनिवारी काम करायचं नाही, मुलग्याची सुंता आठव्या दिवशी, खवले नसलेला मासा ताटात नाही, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. तेल गाळायचा धंदा धरला होता. शनिवारी घाण्याचा बैल सुटा दिसे, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. आडनावं गावांवरून पडली. नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, राजपुरीचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर. हाईम सॅम्युएल केहिमकर म्हणून त्यांच्यातले एक विद्वान गृहस्थ होऊन गेले. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७ साली इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तोही तेल अवीवला! चाळीस वर्षं बाड पडून होतं. आपल्याकडच्या इतिहासांचं हे असंच चालतं.

कंपनी सरकारच्या काळात पुष्कळजण घाणा सोडून पलटणीत गेले. सुभेदार, जमादार झाले. त्यांच्यातल्याच सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिली मशीद बांधली. सिनेगॉगला ते मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. अलिबागची मशीद १८४८ ची. आता उभी आहे ती इमारत १९१० ची. नंतरच्या पिढ्या रेल्वेत, टपालात, तारखात्यात, शाळा-इस्पितळांत लागल्या. उमेद असेतो मुंबईत माझगाव-भायखळ्याला बिऱ्हाड, आणि नोकरी सरली की पेन्शन घेऊन पुन्हा कोकणात. म्हणून मला आठवते ती इस्रायल आळी म्हणजे पेन्शनरांची आळी. १९४८ साली सगळ्या देशात हे लोक वीस हजारांच्या आसपास होते. इस्रायल झालं तसे तरणेताठे तिकडे जाऊ लागले, उरलेले मुंबईत. मी शाळेत जायला लागलो तोवर आळीत पोर औषधाला नव्हतं. ओटीओटीवर एकेक म्हातारा, आतल्या चुलीशी एकेक म्हातारी. एका घरात पलटणीतल्या सुभेदाराची सून, तीच सत्तरीची. तिच्या परसात जुना घाणा पडून होता. त्याच्या उखळात पावसाचं पाणी साचून बेडूक होत.

आमच्या भगदाडापलीकडचं घर नानांचं. नाना तारखात्यातून निवृत्त झालेले. महिन्याच्या सुरुवातीला टोपी घालून कचेरीत पेन्शन आणायला जात आणि येताना आमच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या. नानी नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र, बोलणं आमच्या आजीसारखंच. परका माणूस ओळखूच शकला नसता. ओळख होती ती दाराच्या उजव्या चौकटीवर, एक लांबट डबी तिरपी ठोकलेली. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना लावायची. मीही लावत असे. कुणी कधी नको म्हटलं नाही.

शुक्रवारी दुपारपासून त्या घरात धावपळ. दोन दिवसांचा स्वयंपाक, अंघोळी, दिवे. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायचं. द्राक्षाची दारू कुठून आणणार? त्या सरबतावरच आशीर्वाद म्हणायचा. दिवे लागले की शब्बाथ सुरू. मग शनिवारी तारे दिसेपर्यंत विस्तवाला हात नाही. शनिवारी सकाळी स्टव पेटवून चहाचं आधण ठेवायचं काम माझं. त्यातही गंमत अशी, की शनिवारी मला 'पेटव' म्हणून सांगायचं नाही. सांगायचं ते शुक्रवारीच. मी विसरलो, तर नाना ओटीवरून मोठ्याने एवढंच म्हणत, "आज काय गारठा आहे हो!" भर एप्रिलात! आमची आई खो-खो हसायची आणि मला भगदाडातून ढकलायची. पैसे त्या दिवशी शिवायचे नसत. रविवारी मला चार आणे मिळत, नाहीतर सांदणं.

नानी सणांची जुनी नावं घेई. बाहेरून शिकून आलेली हिब्रू नावं तिच्या जिभेवर बसलीच नाहीत. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. कडक उपासाचा मोठा दिवस म्हणजे दार फाळणीचा सण. त्या दिवशी सगळे पांढऱ्या कपड्यांत, दारं लोटलेली, आळीत चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, मग ही गर्दी. वल्हांडणाच्या आधी घराला सफेदी आणि तांब्या-पितळेच्या सगळ्या भांड्यांना कल्हई. कल्हईवाला आळीत दोन दिवस भाता लावून बसे. आमची भांडी आम्ही त्यातच काढून घेत असू. आठवडाभर आंबवलेलं काही घरात नाही. मटणाच्या जेवणात दूध-तूप नाही, म्हणून सगळ्याला नारळाचं दूध. नव्याच्या सणाला गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून हलवा होई. त्याचा वास आमच्या विहिरीपर्यंत यायचा. कोळंबी-चिंबोरी मात्र त्यांच्याकडे वर्ज्य. आमच्याकडे कालवण असलं की नाना मुद्दाम म्हणत, "वास बेस्ट आहे हो, तुम्ही जेवा."

हे सगळं असलं तरी आळीला खरी जाग येई ती मे महिन्यात. सण कोणत्याही महिन्यात येवोत, माणसं येत ती शाळांना सुट्टी लागल्यावर. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, रेवसहून एस.टी. ट्रंका, वळकट्या, पाटीत कोंबडी, आणि पोरंच पोरं. आठ दिवसांपूर्वी जिथे खोकल्याशिवाय आवाज नव्हता तिथे रात्री अकरापर्यंत पत्त्यांचे डाव. अंगणात ओळीने सतरंज्या. पोरं पहाटे समुद्रावर, दुपारी आमच्या वाडीत कैऱ्यांवर. बायकांना मात्र सुट्टी कसली! पावसाळ्याची बेगमी याच महिन्यात. मिरच्या कांडायच्या, पापड-सांडगे वाळवायचे, रातांबे फोडून आमसुलं घालायची, पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगायच्या. मुंबईच्या सुना रुसत, मग हळूहळू त्यांचेही हात चालायला लागत. पुरुषांनी कौलं शाकारायची, लाकडं भरायची. म्हाताऱ्यांनी खुर्ची टाकून नुसत्या सूचना करायच्या.

एखाद्या संध्याकाळी कीर्तन. तेही आपल्यासारखंच, पेटी, झांजा, ओव्या, साकी, दिंडी. आख्यान मात्र योसेफाचं नाहीतर मोशेचं. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांच्यातल्या लोकांनी आपली हरिकीर्तनं पाहून ही प्रथा सुरू केली. भावांनी योसेफाला विहिरीत टाकलं, इथे आमची आजी हमखास डोळ्याला पदर लावायची.

आणि खंडाळ्याची सहल. हे खंडाळे अलिबागजवळचं, घाटातलं नव्हे. तिथे खडकावर खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया प्रेषित तिथून रथात बसून स्वर्गाला गेला, त्याच्या घोड्याच्या टापा आणि चाकाच्या खुणा त्या, अशी श्रद्धा. म्हणून 'टापा'ला जायचं म्हणत. बैलगाड्या जुंपून सगळी आळी निघे. तिथे मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच प्रकारची फळं, सब्जाच्या डहाळ्या आणि गुलाबाच्या पाकळ्या. ताटाभोवती बसून एलियाचं गाणं म्हणायचं, फळावर, वासावर वेगवेगळे आशीर्वाद. नवस फेडायचा तर मलिदा, मूल झालं तर मलिदा, परदेशी निघाला तर मलिदा. साठनंतर हे तिसरं कारण वाढत गेलं.

पण मे महिन्याला ओढ लागायची त्याचं मुख्य कारण वेगळं होतं, आणि ते मला कळायला वेळ लागला. यहुदी धर्मात पुरी प्रार्थना व्हायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. दहा नसले तर वैयक्तिक प्रार्थना करता येते, पण पोथी पेटीतून बाहेर काढायची नाही, आणि मेलेल्याच्या नावाने म्हणायचा कद्दीश म्हणता येत नाही. आळीत पेन्शनर पुरुष होते सहा. वर्षभर ते सहाजण शनिवारी मशिदीत जात, दिव्यात तेल घालत, आपापलं म्हणत आणि परत येत. मे महिन्यात मुलगे-जावई आले की आकडा दहावर जाई. मग नाना ओटीवर बसून बोटं मोजत. "सव्वीस झाले!" एखाद्या वर्षी असं म्हणताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असे.

नानी गेली १९६९ च्या मे महिन्यात. त्यांच्या इय्यार महिन्यात. घर माणसांनी भरलेलं असतानाच गेली, त्यामुळे मातीला खांदेकरी आणि कद्दीशला माणसं, कशाचीच ददात पडली नाही. बायका म्हणाल्या, नशीबवान. पुढच्या थंडीत नानांचा थोरला मुलगा बायकापोरांसह इस्रायलला गेला. त्याच हिवाळ्यात आळीतली आणखी दोन घरं उठली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिकडच्या लोकसभेने हे लोक सर्व बाबतींत पुरे यहुदी असं ठरवून टाकलं होतं. त्याआधी तिकडचे धर्मगुरू त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करा म्हणत, त्यावरून त्यांनी जेरुसलेमला धरणं धरलं होतं. तो काटा निघाल्यावर थांबलेले लोकही निघाले. नानांना तेव्हा त्या चौकशीचा फार राग होता. "दोन हजार वर्षं शनिवार पाळला, आता दाखला दाखवा म्हणतात!" जाणार नाही, इथेच नानीशेजारी पडेन, असं ते सगळ्यांना सांगत.

१९७० चा मे आला. नानीचं वर्ष बुधवारी संध्याकाळपासून गुरुवारी दिवस मावळेपर्यंत. यहुद्यांचा दिवस संध्याकाळीच सुरू होतो. आळीतले सहा, मुंबईहून आलेले तीन. नऊ. नातू होता, पण त्याला तेरावं लागायला दोन महिने होते. दहावा म्हणजे नानांचा भाचा. तो बुधवारी यायचा तो आला नाही. निरोप आला, रजा मिळाली नाही, गुरुवारी दुपारच्या लाँचने निघतो. बुधवारची रात्र गेली, गुरुवारची सकाळ गेली. मला सायकल देऊन नवगावच्या बाजूला एका म्हाताऱ्या तेल्याकडे पिटाळलं. उन्हातून तासाभराने पोचलो तर घराला कुलूप. लेकीकडे मुंबईला गेला होता. रेवदंड्याला सुभेदारीणबाईंचे चुलत दीर होते, तर ते अंथरुणावर.

चार वाजले, पाच वाजले. मशिदीच्या पायरीवर नऊ माणसं टोप्या घालून बसलेली. आत दिवे लावून ठेवले होते, काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल आणि वात. आमचे वडील भगदाडातून आले आणि नानांशेजारी बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "नाना, मी बसू का? माझ्या आईसारखी होती ती. तुमचे शब्द येत नाहीत, पण उभा राहीन. तुमच्या देवाला काय कळायचंय?"

कुणीच बोललं नाही. नानांनी वडिलांचा हात हातात घेतला. म्हणाले, "तुम्ही उभे राहिलात तर तिला बरंच वाटेल हो. पण मी तिच्यासाठी खोटं मोजू कसं? सबंध जन्मात तिने शनिवारी काडी ओढली नाही." मग हात तसाच धरून ठेवला. वडील उठले नाहीत. ते तसेच शेवटपर्यंत बसून राहिले, दहावे नव्हेत, शेजारी म्हणून.

रेवसला ओहोटी लागली होती. पाणी उतरलं की तिथे गाळात लाँच टेकते, मग भरतीची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. धक्का समोर दिसतोय आणि उतरता येत नाही. भाचा दोन तास तसा बसून होता, हे नंतर कळलं. किल्ल्यामागे सूर्य गेला. नानांनी उभं राहून आपलं आपलं काहीतरी म्हटलं, पुस्तक मिटलं, आणि दिव्यांकडे बघत राहिले. भाचा आला तेव्हा अंधार पडून अर्धा तास झाला होता. एस.टी. स्टँडपासून धावत आला होता. दारातच बसकण मारून तो रडायला लागला, आणि त्याची समजूत घालण्यात नानांची रात्र गेली.

त्या रात्री कुणी पत्ते मांडले नाहीत. केलेला मलिदा वाया जाऊ नये म्हणून आम्हा पोरांना वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना कौलांवर चढलेल्या गड्याला सूचना देत होते, आणि मधेच मुलाला म्हणाले, "तिकडे रोज दहा मिळतात का रे?"

मुलगा म्हणाला, "रोज."

"मग माझे कागद कर."

पुढे मी पुष्कळ वाचलं. कुणी लिहितं, हे लोक धर्मभूमीच्या ओढीने गेले. कुणी म्हणतं नोकऱ्यांसाठी, घरांसाठी. तरुणांचं असेल तसं. आमच्या आळीतले म्हातारे एकामागून एक उठले ते मोजणी पुरी होईना म्हणून. आणि गंमत अशी की प्रत्येक म्हातारा गेला की मागे राहिलेल्यांचा आकडा आणखी उतरायचा. नाना गेले तेव्हा पाच राहिले. मग तीन.

निघायच्या आदल्या दिवशी नानांनी नानीच्या थडग्यावर आमच्या वडिलांना नेऊन दाखवलं. दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी. "वरचं वाचता येणार नाही, खालचं पुसट झालं तर रंग भरा," म्हणाले. वडील दर वर्षी काळा ऑइलपेंट आणि बारका ब्रश घेऊन जात. माझं अक्षर बरं म्हणून ते काम पुढे माझ्याकडे आलं.

नाना दिमोना या वाळवंटातल्या गावी गेले. तिकडची निळी हवाई पत्रं येत, मराठीत, अक्षर तारखात्यातलं ठसठशीत. पहिल्याच पत्रात होतं: "पहिल्या दिवशी मशिदीत आपल्या लोकांपैकी चाळीस जण होते. तिच्या नावाने कद्दीश म्हटला." खाली बाकावर सगळे कोकणातलेच म्हातारे, मराठीच चालतं, पण घरं एकावर एक, ओटी नाही, रस्त्याने जाणारा दिसत नाही. पाऊस म्हणून जो पडतो त्याला पाऊस म्हणायला लाज वाटते. आमसुलं संपली, कुणी येत असेल तर पाठवा. आणि दर पत्राच्या शेवटी: "मे संपत आला, कौलं शाकारून घेतली का?"

वडिलांनी सात वर्षं त्या रिकाम्या घराची कौलं शाकारली. पदरचे पैसे घालून. आई कुरकुर करी, तर म्हणत, "लिहायचं काय मग त्यांना?" नाना तिकडेच गेल्याचं पत्र आलं, त्यानंतर मुलाने येऊन घर विकलं. आता तिथे लॉज आहे. भगदाडाच्या जागी सिमेंटची भिंत. मशीद आहे, जागती आहे. २०१६ साली राज्य सरकारने या समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा तिथे पेपरवाले येऊन फोटो काढून गेले. देशात मिळून आता ते चार-पाच हजार उरलेत.

तो भाचा मात्र मधे येऊन गेला. सत्तरी ओलांडलेला, बरोबर उंचनिंच नातवंडं, त्यांना मराठी तुटकं येतं. आमच्याकडे जेवला, आमसुलं आणि पोहे पिशवीभर घेतले, थडग्यावर जाऊन अक्षरं बघितली, म्हणाला रंग ताजा दिसतोय. मी विचारलं, रेवसने आलात का? नाही म्हणाला, मांडव्याने.